सात आठवडे म्हणता म्हणता

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगन आणि मेरिलँड या राज्यांत नुकतंच काम गेलेल्या लोकांना एक साधा प्रश्न विचारला गेला: नवं काम मिळायला किती दिवस लागतील असं तुम्हाला वाटतं? उत्तरांची सरासरी आली सुमारे ७ आठवडे. पुढे त्याच लोकांचा माग ठेवला, तेव्हा प्रत्यक्षात सरासरी २३ आठवडे लागल्याचं दिसलं. योहानेस स्पिनेवाइन या अर्थशास्त्रज्ञाने २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात ही तफावत मांडली आहे.

ही माणसं भाबडी नव्हती. बहुतेकांनी आधी नोकऱ्या केल्या होत्या, बाजार पाहिला होता. तरी अंदाज तिपटीने चुकला, कारण काम मिळायला लागणारा वेळ आपल्या कर्तबगारीपेक्षा इतरांच्या वेगावर ठरतो. कंपनीत जागा मंजूर व्हावी लागते, मग जाहिरात, मग चाळणी, मग तीन-चार फेऱ्या, आणि सगळं जुळत आलं की ‘पोझिशन सध्या होल्डवर आहे’ असा निरोप येतो, तोही आला तर. आपल्याकडे पुण्यात किंवा ठाण्यात ले-ऑफ झालेला माणूस घरच्यांना सांगतो, ‘दिवाळीपर्यंत होईल.’ मग ‘नव्या वर्षात हायरिंग सुरू होतं,’ मग ‘एप्रिलमध्ये नवं बजेट येतं.’ तारीख उलटली की त्या महिन्याबरोबर स्वतःच्या अंदाजावरचा विश्वास जातो, आणि अशा दोन-तीन तारखा उलटल्या की स्वतःवरचाही.

म्हणून ‘पॉझिटिव्ह राहा’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. पहिल्या महिन्यात तो देण्याची गरज नसते आणि सहाव्या महिन्यात तो पोचत नाही. लांबलेल्या शोधात जी उमेद टिकते ती तारखेवर बांधलेली नसते. दिवसाची आखणी, हातातला पैसा, सोबतीची माणसं आणि पुढचं पाऊल कुठे टाकायचं याची माहिती, या गोष्टी जाग्यावर असतील तेवढीच ती टिकते. बेकारीचा जो अभ्यास गेल्या नव्वदेक वर्षांत झाला त्यात हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्या अभ्यासाची सुरुवात व्हिएन्नाजवळच्या एका लहानशा गावात झाली, आणि ती गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे.

गावाचं नाव मारिएंटाल. १८३० साली तिथे कापडगिरणी निघाली आणि पुढची शंभर वर्षं गिरणी म्हणजेच गाव अशी स्थिती होती. कामगारांची घरं गिरणीची, बाग गिरणीमालकाच्या वाड्याची, भोंगाही गिरणीचा. १९२९ च्या मंदीत एकेक खातं बंद होत गेलं आणि १९३० च्या सुरुवातीला सगळंच थांबलं. ४७८ कुटुंबांच्या त्या गावात सुमारे तीन चतुर्थांश कुटुंबांवर सरकारी भत्त्यावर जगायची वेळ आली.

व्हिएन्नाचा तरुण संशोधक पॉल लाझार्सफेल्ड याला त्या सुमारास कामगारांच्या फावल्या वेळाचा अभ्यास करायचा होता. समाजवादी पक्षाचे नेते ऑटो बाउअर यांनी त्याला सुनावलं की देशात एवढी बेकारी असताना फुरसतीचा कसला अभ्यास करता, बेकारीचा करा. त्यातून १९३१ च्या अखेरीला एक गट मारिएंटालमध्ये उतरला. त्यात २४ वर्षांची मारी याहोडा होती. या अभ्यासावर पुढे १९३३ साली निघालेल्या पुस्तकाचा मुख्य मजकूर तिनेच लिहिला. गटाने एक नियम घालून घेतला होता: कुणीही नुसतं पाहायला आणि टिपायला जायचं नाही, प्रत्येकाने गावाच्या उपयोगाचं काहीतरी करायचं. त्यांनी थंडीसाठी कपडे गोळा करून वाटले, डॉक्टरांची मोफत तपासणी ठेवली, शिवणकामाचे आणि मुलींसाठी व्यायामाचे वर्ग चालवले. माणसांजवळ बसायचा हक्क त्यांनी असा मिळवला, आणि मला वाटतं त्यांच्या निरीक्षणांना जी धार आहे ती यामुळेच आली.

त्यांना दिसलं ते असं. गिरणी चालू असताना कामगारांना वाचायला वेळ नव्हता, आता वेळच वेळ होता. कामगारांच्या ग्रंथालयाने शुल्कही माफ केलं. तरी १९२९ ते १९३१ या दोन वर्षांत पुस्तकांची देवघेव जवळपास निम्म्यावर आली. वाड्याच्या ज्या बागेचा गावाला अभिमान होता तिथे तण माजलं. हाताला काम नसलेली शेकडो माणसं असूनही ती साफ करायला कुणी जाईना. संशोधकांनी लोकांच्या चालण्याचा वेग मोजला. पुरुष संथ चालत होते, मध्येच थांबत होते, कुठे भिंतीला टेकून उभे राहत होते. बायका भराभर जात होत्या. बहुतेक पुरुषांनी जवळ घड्याळ बाळगणं सोडून दिलं होतं. दिवसभरात काय केलं हे तासातासाने लिहून द्यायला सांगितलं, तर पुरुषांना सकाळी उठणं, जेवण आणि झोप यांच्यापलीकडे फारसं काही आठवेना. बायकांकडे वेळ मोजायला तेच तास होते, पण चूल, मुलं, धुणं, फाटके कपडे पुन्हा पुन्हा ठिगळं लावून घालण्याजोगे करणं, यांनी त्यांचा दिवस बांधलेला होता. पगार दोघांचाही गेला होता. दिवस मात्र पुरुषांचा जास्त विस्कटला.

पुढे कित्येक वर्षांनी, इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्यावर, याहोडाने या निरीक्षणांमधून एक सिद्धांत मांडला. नोकरीतून पगार मिळतो हे उघड आहे. पण त्याच्या आडून नोकरी आणखी पाच गोष्टी देते: दिवसाला वेळेची चौकट, घराबाहेरच्या माणसांशी रोजचा संबंध, आपल्या एकट्यापेक्षा मोठ्या कशात तरी वाटा, समाजात एक ओळख, आणि हातपाय हलवायला भाग पाडणारं कारण. नोकरी गेली की या पाचही गोष्टी एकाच दिवशी जातात. आणि गंमत म्हणजे नोकरीत असताना यांतल्या निम्म्या गोष्टींना आपण कटकट मानलेलं असतं.

हे कळलं की निराशेकडे बघण्याची दृष्टी बदलते. चौथ्या महिन्यात सकाळी अंथरुणातून उठवत नाही, लॅपटॉप उघडला तरी अर्ज भरवत नाही, याचा अर्थ माणूस आळशी झाला असा नसतो. न्यूजर्सीत २००९ मध्ये ॲलन क्रूगर आणि आंद्रेआस म्युलर यांनी ६ हजारांहून अधिक बेकारांना आठवड्यागणिक विचारत राहून पाहणी केली, तेव्हा काळ जाईल तसा माणूस काम शोधण्यात देतो तो वेळ घटत गेल्याचं दिसलं. आपल्या इच्छाशक्तीत काहीतरी खोट आहे असं ज्याला वाटतं, त्याने हे लक्षात ठेवावं की घसरण जवळपास सगळ्यांचीच होते. ती होणार हे धरूनच बांधणी करावी लागते.

ती बांधणी फार मोठी नसते. शोधाचे तास ठरवून टाकावेत, आणि सुरू करायच्या वेळेइतकीच थांबायची वेळही पक्की असावी. रात्री साडेअकराला पोर्टल चाळत बसण्याने अर्ज वाढत नाहीत, झोप जाते. शक्य असेल तर घराबाहेर बसावं. स्पर्धा परीक्षांमुळे आपल्या लहानमोठ्या गावांत अभ्यासिका झाल्या आहेत, महिन्याच्या थोड्या शुल्कात तिथे खुर्ची, पंखा आणि मान खाली घालून बसलेली माणसं मिळतात. आठवड्याचा हिशेब लिहायचा तो मी काय केलं याचा: किती अर्ज, किती फोन, कोणता विषय घोटवला. काय मिळालं याचा रकाना वेगळा ठेवावा, कारण तो आपल्या हातात नाही. आणि आठवड्यातून एकदा तरी असं काहीतरी करावं ज्याची दुसऱ्या कुणाला गरज आहे. शेजारच्या मुलाचं गणित असेल, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं प्रकरण असेल, किंवा वडिलांना दवाखान्यात नेणं असेल. याहोडाच्या यादीतल्या तीन गोष्टी तेवढ्याने परत येतात.

पण मारिएंटालमधली एक नोंद अशी आहे की जी मनोधैर्यावरच्या भाषणांत कधी येत नाही, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. संशोधकांनी कुटुंबांचे चार गट केले होते: उमेद शाबूत असलेली, परिस्थितीपुढे मान तुकवलेली, हताश झालेली आणि सगळंच सोडून दिलेली. मग या गटांचं माणशी मासिक उत्पन्न त्यांनी काढलं. पहिल्या गटात ते ३४ शिलिंग होतं, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात २५ आणि चौथ्यात १९. चारही गट गरीबच. पण महिन्याला चार-पाच शिलिंगांच्या फरकावर माणूस उद्याचा विचार करू शकतो की नाही हे ठरत होतं. शिवाय ऑस्ट्रियात बेकारभत्ता ठरावीक आठवडेच मिळे, मग त्याहून कमी मदत, मग काहीच नाही. त्यामुळे जी कुटुंबं आज पहिल्या गटात होती ती पुढे कुठे जाणार हे त्यांच्या स्वभावाइतकंच भत्त्याच्या मुदतीवरही अवलंबून होतं.

म्हणून काम गेल्यावर पहिल्या पंधरवड्यात पैशाचा हिशेब कागदावर मांडणं हे मनाच्या आरोग्याचंच काम आहे. आपल्याकडे सर्वांना लागू होणारा बेकारभत्ता नाही. ज्यांचा पगार राज्य विमा योजनेच्या, म्हणजे ईएसआयच्या मर्यादेत होता, त्यांच्यासाठी २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. अटी पुऱ्या होत असतील तर सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस मिळू शकते, आणि ती मागावी लागते. पाच वर्षं सलग नोकरी झाली असेल तर ग्रॅच्युइटी हा हक्क आहे, कंपनीची मेहेरबानी नव्हे. कंपनीचा गट आरोग्यविमा शेवटच्या दिवसानंतर सहसा संपतो, तेव्हा तो संपण्याआधीच त्याच विमा कंपनीकडे व्यक्तिगत पॉलिसीत बदलून मिळेल का हे विचारावं. गृहकर्जाचा हप्ता चुकण्याआधी बँकेत जाऊन बोलणं आणि चुकल्यावर बोलणं यांत फार अंतर आहे. फुल अँड फायनलचा आणि रिलीव्हिंग लेटरचा पाठपुरावा लेखी करावा. आणि घरात खरा आकडा सांगावा: आहे त्या पैशात, खर्च कमी करून, इतके महिने निघतील. ‘होईल काहीतरी’ यापेक्षा ‘आठ महिने निघतील’ हे वाक्य घराला जास्त धीर देतं. तो आकडा लहान असला तरी.

घरात सांगावं, असं लिहिताना मला ठाऊक आहे की बरेच जण सांगत नाहीत. आपल्याकडच्या खासगी नोकऱ्यांत, विशेषतः आयटीत, बऱ्याचदा माणसाला काढत नाहीत, राजीनामा द्यायला लावतात. एचआरच्या खोलीत किंवा व्हिडिओ कॉलवर पंधरा मिनिटांत विषय संपतो आणि कागदावर नोंद होते ती ‘वैयक्तिक कारणासाठी’ अशी. मग बाहेर काय सांगायचं? जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या, सरकारी नोकरीइतक्या पक्क्या मानल्या गेलेल्या कंपनीनेही सुमारे १२ हजार जणांना कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हा निदान त्या बातमीने अनेकांची जीभ सैल झाली. एरवी चौथ्या मजल्यावरच्या माणसाचं काम गेलंय हे तिसऱ्या मजल्याला कळत नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघणारी आणि दिवसभर कुठेतरी बसून संध्याकाळी परतणारी माणसं आपल्या शहरांत आहेत.

गिरणगावाची आठवण इथे येते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. तो कधीच रीतसर मागे घेतला गेला नाही, आणि लाखाहून अधिक कामगार पुन्हा गिरणीत गेले नाहीत. त्या काळाचं गोडवे गाण्यासारखं चित्र रंगवणं चुकीचं ठरेल. घरं मोडली, पोरांची शिक्षणं सुटली, काही तरुण टोळ्यांकडे वळले. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकातलं कुटुंब त्याच पडझडीतलं आहे. तरी एक गोष्ट त्या चाळींमध्ये होती: काम गेल्याची लाज एकट्याने वाहायची नव्हती. सगळ्या मजल्याचं एकदमच गेलं होतं. कोकणातून, घाटावरून तांदूळ-भाकरीचं पीठ येत होतं, कित्येक जण काही महिने गावी जाऊन राहिले, बायकांनी खानावळी वाढवल्या, भाजी विकली, घरकामं धरली. मनाने कोसळायला लागणाऱ्याला शेजारी बसलेला दुसरा माणूस होता. आजच्या ले-ऑफमध्ये पैसा कदाचित त्यांच्यापेक्षा जास्त असतो, पण हा शेजार नसतो. तो मुद्दाम उभा करावा लागतो. एकाच वेळी काम गेलेल्या पाच-सहा जणांनी आठवड्यातून एकदा भेटणं, एकमेकांचे बायोडेटा वाचणं, मुलाखतीचे प्रश्न वाटून घेणं, एवढ्याने सुरुवात होते.

ज्याला बोलवत नाही त्याने लिहावं, याला एक चांगला आधार आहे. १९९४ साली स्टेफनी स्पेरा, एरिक बुरफाइंड आणि जेम्स पेनेबेकर यांनी अमेरिकेतल्या डॅलस शहरात काम गेलेल्या ६३ व्यावसायिकांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. बहुतेक जण पन्नाशी ओलांडलेले, एकाच कंपनीत वीसेक वर्षं घालवलेले आणि आतून संतापलेले. एका गटाला सलग पाच दिवस रोज २० मिनिटं काम गेल्याबद्दल मनात जे जे आहे ते लिहायला सांगितलं. दुसऱ्या गटाने दिवसाच्या नियोजनाबद्दल लिहिलं, तिसऱ्याने काहीच लिहिलं नाही. आठ महिन्यांनी पाहिलं तर मनातलं लिहिणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे कामाला लागले होते, इतर दोन गटांत हे प्रमाण बरंच कमी होतं. विशेष हे की लिहिणाऱ्यांनी मुलाखती जास्त दिल्या नव्हत्या. संशोधकांचा तर्क असा की आतला कडवटपणा कागदावर उतरल्यामुळे तो मुलाखतीच्या टेबलावर उतरला नाही. प्रयोग लहान होता आणि त्याच्यावर सगळा भरवसा टाकता येणार नाही. पण जुन्या साहेबाचं नाव निघताच ज्याचा आवाज बदलतो अशा उमेदवाराला समोर बसलेला माणूस लगेच ओळखतो, हे मुलाखती घेणारा कुणीही सांगेल.

आता नकारांबद्दल. उत्तरच न येणं हा या शोधातला सगळ्यात झिजवणारा भाग, आणि जितके महिने जास्त तितकी उत्तरं कमी, हा अनुभव खरा आहे. कोरी क्रॉफ्ट, फाबियान लांगे आणि मॅथ्यू नोटोविडिग्डो यांनी अमेरिकेतल्या १०० मोठ्या शहरांमध्ये सुमारे ३ हजार जाहिरातींना जवळपास १२ हजार बनावट बायोडेटा पाठवले. उमेदवार सारख्याच योग्यतेचे, फरक फक्त किती महिने कामाविना आहेत एवढाच. २०१३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की पहिल्या आठ महिन्यांत बोलावणी झपाट्याने घटतात, त्यानंतर घट जवळपास थांबते. वाचून वाईट वाटतं. पण नीट पाहिलं तर यात एक दिलासा आहे. हे उमेदवार कागदावरचे होते, त्यांचं कौशल्य गंजलं नव्हतं, ते मुलाखतीत काही चुकीचं बोलले नव्हते. म्हणजे उत्तर न येण्याचा मोठा हिस्सा बायोडेटातल्या एका तारखेमुळे होता. त्याच अभ्यासात असंही दिसलं की जिथे बेकारी जास्त होती तिथे या खंडाचा फटका कमी बसत होता. बाजारच खराब आहे हे माहीत असलं की कंपन्या दोष माणसावर टाकत नाहीत. म्हणून सामूहिक कपातीत काम गेलं असेल तर ते लपवू नये. ‘आमचा पूर्ण प्रोजेक्ट बंद झाला, तेव्हापासून मी अमुक करतो आहे’ हे एक सरळ वाक्य घरी दहा वेळा म्हणून पाहावं, माफी मागितल्यासारखा सूर जाईपर्यंत.

कॅन्सस विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्नायडर यांनी १९९० च्या दशकात आशेची जी मांडणी केली ती अशा शोधाला नेमकी लागू पडते. त्यांच्या मते आशेत तीन गोष्टी असतात: कुठे पोचायचं ते ठाऊक असणं, तिथे जायच्या एकाहून अधिक वाटा दिसणं, आणि त्या वाटांवरून आपण चालू शकू असं वाटणं. यातली मधली गोष्ट लोक विसरतात. मी पाहिलेली बरीचशी निराशा ही वाट एकच उरल्याची निराशा आहे. सकाळी पोर्टल उघडायचं, ‘अप्लाय’चं बटण दाबायचं, मेल बघत बसायचं. ती एक वाट बंद दिसली की सगळंच बंद दिसतं.

दुसरी वाट कुठे असते याचं उत्तर मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन गावात शोधलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं, ज्याच्याकडून कळलं तो तुम्हाला कितीदा भेटायचा? नेहमी भेटणारा, असं सांगणारे होते सुमारे १७ टक्के. अर्ध्याहून अधिक जणांना बातमी मिळाली ती अधूनमधून भेटणाऱ्याकडून, आणि जवळपास २८ टक्क्यांना तर क्वचितच भेटणाऱ्याकडून. कारण सोपं आहे. जिवाभावाच्या मित्रांना जे ठाऊक असतं ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. नवी बातमी लांबच्या ओळखीकडून येते. २०२२ साली लिंक्डइनवरच्या सुमारे २ कोटी लोकांच्या पाच वर्षांच्या माहितीतूनही हेच दिसलं, एवढी दुरुस्ती होऊन की अगदीच तुटक ओळखीपेक्षा मध्यम लांबीची ओळख जास्त उपयोगी ठरते. आधीच्या कंपनीतला दुसऱ्या टीमचा सहकारी, पॉलिटेक्निकचा वर्गमित्र, जुना क्लायंट, भाच्याच्या मुंजीत भेटलेला व्याही. अशा माणसांना लिहिताना संकोच वाटतो, मराठी माणसाला जरा जास्तच. ‘नोकरी बघा’ असं म्हणण्याऐवजी ‘तुमच्या क्षेत्रात सध्या कुठल्या कामाला माणसं लागताहेत, दहा मिनिटं बोलाल का?’ असं विचारलं तर तो संकोच निम्मा होतो, आणि समोरच्यालाही मदत करणं सोपं जातं.

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असलेल्यांचं गणित वेगळं आहे. काम गेल्यावर त्यांना जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि तिथे तारीख खरोखरच डोक्यावर असते. त्यांनी दुसऱ्या वाटेची, म्हणजे व्हिसाचा प्रकार बदलणं किंवा परत येणं, कागदपत्रांसह तयारी पहिल्याच आठवड्यात करणं शहाणपणाचं. परत येणं हा पराभव आहे असं त्यांच्या कानी घालणाऱ्या नातेवाइकांना या काळात थोडं दूर ठेवलेलं बरं.

आशा शिकवता येते का? मिशिगन विद्यापीठातल्या रॉबर्ट कॅप्लन, अमिराम विनोकुर आणि रिचर्ड प्राइस यांनी १९८० च्या दशकात हे करून पाहिलं. काम गेलेल्यांची लहान गटांमध्ये काही तासांची अशी अनेक सत्रं. त्यात मुलाखतीचा सराव, आपलं कौशल्य मालकाच्या नजरेतून मांडणं हे होतंच. पण खरा गाभा वेगळा होता. पुढे काय काय बिनसेल हे गटाने आधीच मोठ्याने बोलून घ्यायचं: शेवटच्या फेरीनंतर नकार आला तर काय करू, दोन महिने एकही फोन आला नाही तर कुणाला गाठू, घरी भांडण झालं तर काय म्हणू. देवीच्या लसीसारखं, अपयशाची थोडी मात्रा आधीच टोचून घ्यायची. या सत्रांना आलेले लोक न आलेल्यांपेक्षा लवकर कामाला लागले, त्यांना बऱ्या पगाराची कामं मिळाली, आणि ज्यांना नैराश्याचा धोका जास्त होता त्यांना सर्वाधिक फायदा झाला. पुढे फिनलंडनेही हा कार्यक्रम उचलला. अशा अनेक प्रयोगांचा २०१४ साली एकत्र आढावा घेतला गेला. त्यात दिसलं की नुसतं कौशल्य शिकवणारे किंवा नुसती उमेद वाढवणारे कार्यक्रम कमी पडतात, दोन्ही एकत्र असतील तर काम होतं. आपल्या रोजगार मेळाव्यांना, महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थी संघांना, अगदी गणेशोत्सव मंडळांना हे करता येण्यासारखं आहे. काही दुपारी, एक खोली आणि पूर्वी यातून गेलेला एखादा माणूस, एवढंच लागतं.

आखणी, सोबत, वाटा हे सगळं करूनही काही जणांचा तोल जातो, आणि तिथे उमेदीच्या गोष्टी थांबवून उपचाराकडे वळायला हवं. कार्स्टन पॉल आणि क्लाउस मोझर यांनी २००९ साली शेकडो अभ्यास एकत्र केले. त्यात काम असलेल्यांपैकी सुमारे १६ टक्क्यांना मानसिक त्रास होता, काम नसलेल्यांपैकी ३४ टक्क्यांना. काम मिळाल्यावर त्रास कमी होतो, हेही त्यांना दिसलं. झोप सलग उडाली असेल, दारू वाढली असेल, जगण्यातच अर्थ नाही असे विचार येत असतील तर डॉक्टरांकडे जावं. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

ज्यांचं काम शाबूत आहे त्यांच्यासाठीही दोन गोष्टी. घरच्यांनी रोज संध्याकाळी ‘काही झालं का?’ असं विचारू नये. आठवड्याचा एक वार ठरवावा, त्या दिवशी सगळं बोलावं, उरलेले सहा दिवस त्या माणसाला घरातला माणूस म्हणून राहू द्यावं. ओळखीच्यांनी रेफरल दिला तर पुढे काय झालं तेही कळवावं. आणि उमेदवारांना निर्णय कळवण्याचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांनी नकार असला तरी दोन ओळींत तो कळवावा. मग त्या माणसाला त्या जागेची वाट पाहणं थांबवून पुढच्या सोमवारची आखणी करता येते.